मोबाइलवर म्युझिक व्हिडिओ: ठाण्यातल्या बँडने गाणे चित्रित करून लोकांपर्यंत कसे न्यावे

काही वर्षांपूर्वी आमच्या बँडचा पहिला व्हिडिओ दोन मोबाइलवर चित्रित झाला. पहिल्या कडव्यात गायकाचे ओठ आणि आवाज अगदी जुळलेले होते, दुसऱ्यात किंचित खटकू लागले आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत आवाज एका बाजूला आणि तोंड दुसऱ्या बाजूला अशी गत झाली. मोबाइल महाग नव्हते, पण बिघाडाचे कारण त्यांची किंमत नव्हती. एका मोबाइलने सेकंदाला ठरावीक फ्रेम घेण्याऐवजी उजेडानुसार कमी-जास्त फ्रेम घेतल्या होत्या आणि ते रोखणारी सेटिंग आम्ही पाहिलीच नव्हती. स्वस्त साधनांनी केलेल्या कामातल्या बहुतेक चुका अशाच असतात: त्या टाळायला एक रुपयाही लागत नाही, मात्र शूटिंगच्या आधी त्यांची माहिती असावी लागते. म्हणून या लेखात कामे ज्या क्रमाने करावीत त्याच क्रमाने मांडली आहेत.

आधी गाणे, मग कॅमेरा

गाण्याचे अंतिम मिक्स (सर्व वाद्यांची आणि आवाजांची जुळवणी) आणि मास्टरिंग (त्यावरचा शेवटचा हात) पूर्ण झाल्याशिवाय शूटिंगची तारीख ठरवू नये. ‘सध्या कच्च्या मिक्सवर शूट करू, नंतर बदलू’ असे म्हणणारा एक तरी सदस्य प्रत्येक बँडमध्ये असतो, आणि नंतर सुरुवातीचे दोन ठोके कापले गेले किंवा लय जराशी वाढवली गेली की त्याच्यामुळे सगळा चित्रित ऐवज वाया जातो. अंतिम गाणे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह फाइलमध्ये घ्यावे, कारण व्हिडिओचा आवाज ४८ किलोहर्ट्झवरच चालतो. आवाजाची पातळी अवाजवी वाढवण्यात अर्थ नाही. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप) वर गेलेले गाणे स्वतःच खाली आणते, त्यामुळे चेपून मोठे केलेले गाणे तिथे फक्त चेपलेले ऐकू येते.

याच टप्प्यावर हक्कांची बाब मिटवावी. गीत कोणाचे, चाल कोणाची आणि उत्पन्न आलेच तर त्याची वाटणी कशी, हे एका कागदावर लिहून सर्वांनी सही करावी. मित्रांमध्ये हा कागद मागणे अवघड वाटते, पण गाणे चालले नाही तर त्याचा त्रास होत नाही आणि चालले तर त्याच्यावाचून चालत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकार यांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण मिळाले आहे, आणि आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व घेऊन ती रॉयल्टी गोळा करता येते. गाणे स्वतःचे नसून जुन्या गाण्याचे कव्हर (तेच गाणे नव्याने गाऊन केलेले) असेल, तर अधिक सावध राहावे. कायद्याच्या कलम ३१-सीमध्ये कव्हरसाठी असलेली तरतूद ध्वनिमुद्रणापुरती आहे; त्या गाण्यावर व्हिडिओ करायचा तर मूळ हक्कधारकाची वेगळी परवानगी लागते. पहिल्या व्हिडिओसाठी स्वतःचेच गाणे घ्यावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

जागा निवडताना सूर्य कोणत्या बाजूला आहे ते पाहावे

कथा असलेला व्हिडिओ करण्याचा मोह नवख्या बँडला फार होतो. नायक, नायिका, पाऊस, ताटातूट आणि शेवटी स्टेशनवरची भेट असा सगळा ऐवज चार मिनिटांत बसवायला अभिनेते, कपडे, वेळ आणि परवानग्या लागतात. त्याऐवजी बँड वाजवत आहे आणि त्याच्याभोवती एकच ठळक कल्पना फिरत आहे, एवढे पुरेसे असते. कल्पना एका वाक्यात सांगता आली पाहिजे: ‘सकाळी सहा ते आठ या वेळेत एकाच गल्लीतला उजेड बदलत जातो’ ही कल्पना आहे, ‘शहरातले एकटेपण’ हा विषय आहे, आणि त्यातून नेमके काय शूट करायचे ते कळत नाही.

ठाण्यातल्या जागांबाबत भूगोल समजून घेतल्यास बिनपैशांचा प्रकाश मिळतो. येऊरचे डोंगर शहराच्या पश्चिमेला आहेत आणि उपवन तलाव त्यांच्या पायथ्याशी आहे. त्यामुळे उपवनला सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि संध्याकाळच्या ज्या सोनेरी उजेडाची आपण वाट पाहत असतो तो तिथे बराच आधी संपतो. तीच जागा सकाळी मात्र उत्तम असते, कारण पूर्वेकडून येणारे ऊन थेट डोंगरावर पडते आणि बँडच्या मागे उजळलेली हिरवी भिंत मिळते. खाडीची गोष्ट उलटी आहे. कोपरी आणि मिठबंदराच्या बाजूने पाणी पूर्वेला असल्याने सूर्योदय थेट पाण्यावर दिसतो आणि बँडच्या काळ्या छायाकृती सुरेख येतात. तिथे शूटिंग करायचे असेल तर कोळीवाड्यातल्या लोकांना आदल्या दिवशी जाऊन सांगावे. होड्या आणि जाळी ही त्यांच्या कामाची जागा आहे.

येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते, तेव्हा आत ढोल-गिटार घेऊन जाणे वनविभागाच्या परवानगीशिवाय करू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ज्या ठाण्यात आली, त्या स्टेशनाचा मोहही प्रत्येक ठाणेकर बँडला एकदा होतोच. पण रेल्वेच्या हद्दीत व्यावसायिक चित्रीकरणाला रेल्वेची परवानगी आणि शुल्क लागते. सार्वजनिक जागांसाठी राज्यात महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. हे सगळे टाळायचे असेल तर ज्या जागेचा मालक आपल्या ओळखीचा आहे ती जागा निवडावी. वागळे इस्टेटमधला एखादा गाळा त्याच्या सुट्टीच्या दिवशी मिळाला, तर लोखंडी शटर, उंच छत आणि वीज हे तिन्ही मिळते. सोसायटीची गच्ची त्याहून सोपी. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्यावा आणि तोंडी होकारावर विसंबू नये. आमच्या एका शूटिंगमध्ये तोंडी होकार देणारे गृहस्थ गावी गेले होते आणि वॉचमनने आम्हाला ड्रमसेटसह खाली उतरवले.

ड्रोनचा नाद सोडून द्यावा. २०२१च्या ड्रोन नियमांत लहान ड्रोनना काही सवलती असल्या, तरी विमानतळांभोवतीची बंधने आणि पोलिसांचे मनाई आदेश यांमुळे मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात उड्डाणाआधी बरीच चौकशी करावी लागते. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून खाली घेतलेला स्थिर शॉट ड्रोनच्या शॉटपेक्षा अनेकदा अधिक लक्षात राहतो.

मोबाइलची तयारी

गेल्या चार-पाच वर्षांतला मध्यम किमतीचा कोणताही मोबाइल या कामाला पुरतो. दोन असल्यास उत्तम, आणि दोन्ही एकाच कंपनीचे असतील तर रंग जुळवण्याचा त्रास वाचतो. मोबाइलसोबत आलेल्या कॅमेरा ॲपऐवजी ज्यात सर्व गोष्टी हाताने ठरवता येतात असे ॲप वापरावे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट असून आयफोन आणि अनेक अँड्रॉइड फोनवर चालते.

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि अनेक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसते. शटरचा वेग, म्हणजे एका फ्रेमसाठी कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग ठेवला, तर प्रत्येक फ्रेममध्ये उजेडाची पूर्ण आवर्तने येतात आणि चित्र स्थिर राहते. तोच वेग साठावा भाग झाला की चित्रावर काळपट पट्टे वर-खाली सरकू लागतात. तलावपाळीवर रात्री घेतलेले आमचे अकरा शॉट याच कारणाने टाकून द्यावे लागले होते. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि पन्नासावा भाग शटर ही जोडी आपल्याकडे सर्वांत सोयीची आहे. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात २५ फ्रेम दिसत नसल्यास कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ फॉरमॅट सुरू करावा लागतो. एखाद्या फोनमध्ये ३० फ्रेमच असतील, तर सर्व फोन ३० वर ठेवावेत आणि शटर शंभराव्या भागावर न्यावे. स्वस्त एलईडी पॅनेलमध्ये वेगळ्याच गतीचे लुकलुकणे असू शकते, त्यामुळे प्रत्येक दिव्याखाली दहा सेकंदांचा नमुना घेऊन तो मोठ्या पडद्यावर पाहावा.

त्यानंतर एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार पांढरा रंग पांढरा राखणे) हे तिन्ही लॉक करावेत. व्हाइट बॅलन्स उन्हात ५६०० केल्व्हिनच्या आसपास आणि पिवळ्या दिव्यात ३२०० च्या आसपास ठेवावा. मात्र दोन्ही फोनवर तो सारखाच असला पाहिजे. भर उन्हात पन्नासाव्या भागाच्या शटरला चित्र पांढरेफटक होते, कारण बहुतेक मोबाइलच्या भिंगाचे छिद्र कमी-जास्त करता येत नाही. अशा वेळी एनडी फिल्टरची (भिंगात येणारा उजेड कमी करणाऱ्या गडद काचेची) क्लिप लावावी किंवा सावलीत शूट करावे. डिजिटल झूम टाळावा; जवळचे चित्र हवे असेल तर स्वतः जवळ जावे. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मऊ सुती कापडाने भिंग पुसणे, जो निम्मे लोक विसरतात.

खर्चायला थोडे पैसे असतील तर ते ट्रायपॉड आणि प्रकाश यांवर खर्चावेत. खिडकीतून येणाऱ्या उन्हावर ट्रेसिंग पेपर लावला की मऊ उजेड मिळतो, आणि समोरच्या बाजूला पांढरी चादर ताणून धरली की चेहऱ्याची काळी बाजू उजळते.

प्लेबॅक आणि शूटिंगचा दिवस

म्युझिक व्हिडिओची खरी कसोटी इथे लागते. ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची एक वेगळी प्रत करावी आणि सुरुवातीला गाण्याच्या लयीत चार ‘बीप’ घालावेत. प्रत्येक टेक याच बीपपासून सुरू करावा आणि त्याच वेळी कोणीतरी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवावी. मोबाइलचा माइक सुरूच ठेवावा. तो आवाज व्हिडिओत वापरायचा नसतो, पण संकलनात मूळ गाणे त्याच्याशी जुळवता येते.

स्पीकर गायकाच्या जवळ हवा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, आणि २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे स्पीकर १४ मीटरांवर असेल तर गायक एक फ्रेम मागे पडतो, आणि मैदानावर तर दोन-तीन फ्रेमचा फरक सहज पडतो. दोन ब्लूटूथ स्पीकर एकत्र वापरू नयेत. त्यांचा विलंब सारखा नसतो. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी असते आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते, हे लक्षात घेऊन पहाटेच्या शूटिंगला गायकाच्या कानात लहान इअरफोन द्यावा आणि तो केसांखाली लपवावा.

ड्रमर हा सर्वांत मोठा अडथळा असतो. तो खरोखर वाजवू लागला की स्पीकर कोणालाच ऐकू येत नाही, आणि न वाजवता नुसते हात हलवले तर ते पडद्यावर लगेच उघडे पडते. ड्रमच्या आत गोधडीचे तुकडे भरावेत आणि झांजांच्या खालच्या बाजूला कापडी टेप लावावी. हालचाल खरी राहते आणि आवाज निम्म्याहून कमी होतो. गायकाने मात्र पूर्ण आवाजात गायलेच पाहिजे. गळ्याच्या शिरा आणि श्वास हे ओठांच्या हालचालीपेक्षा जास्त बोलतात. इलेक्ट्रिक गिटारला केबल लावलेली दिसावी, अन्यथा पहिली प्रतिक्रिया गाण्यावर न येता वायरवर येते.

टेकचा हिशोब आधीच करावा. चार मिनिटांच्या गाण्याचा एक टेक, त्यानंतरची आवराआवर आणि पुढची मांडणी धरून दहा-बारा मिनिटे लागतात. म्हणजे तीन तासांत पंधरा ते अठरा टेकच्या वर जाता येत नाही. त्यातले दोन संपूर्ण बँडचे दुरून, तीन-चार गायकाचे जवळून आणि प्रत्येक वादकाचा एकेक पूर्ण टेक घ्यावा. उरलेल्या वेळात गाणे न लावता तारांवरची बोटे, ड्रमचा पेडल, बूट, चहाचा ग्लास, उडालेली धूळ असे तुकडे घ्यावेत. संकलनात जिथे काहीच जुळत नाही तिथे हेच तुकडे कामी येतात. ४के दर्जात एका मिनिटाला पावणेदोनशे ते साडेतीनशे एमबी जागा लागते, तेव्हा तासाभराच्या चित्रीकरणासाठी एकवीस-बावीस जीबी मोकळी ठेवावी. फोन एअरप्लेन मोडवर असावा. ऐन टेकमध्ये मावशीचा फोन येतो, हा अनुभव आहे. मे महिन्यात फोन तापून बंद पडतो. अशा वेळी कव्हर काढून तो सावलीत ठेवावा, बर्फावर मुळीच ठेवू नये, कारण आत दव धरते.

हळूवार गतीचा एक सोपा प्रयोग सांगतो. गाणे ऑडॅसिटीत १.२ पट वेगाने करून वाजवावे, गायकाने त्या वेगात गावे आणि चित्रीकरण सेकंदाला ३० फ्रेमवर, शंभराव्या भागाच्या शटरने करावे. संकलनात ते २५ फ्रेमवर आणले की ओठ मूळ गाण्याशी तंतोतंत जुळतात, पण केस, कपडे आणि हालचाल किंचित तरंगल्यासारखी दिसते. लय फार जलद नसलेल्या गाण्यात हा परिणाम सुंदर दिसतो.

संकलन

चित्रित फाइल व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवल्या तर त्या चेपल्या जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ दर्जात जातात. केबलने थेट संगणकावर घेणे सर्वांत चांगले. त्यानंतर फ्रेमचा दर कमी-जास्त होत असल्याची शंका असलेली प्रत्येक फाइल हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट’ म्हणजे एकसारख्या फ्रेम दरावर काढून घ्यावी. लेखाच्या सुरुवातीचा आमचा घोटाळा या एका पायरीने टळला असता.

संकलनासाठी डा व्हिंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरेशी आहे. संगणक जुना असल्यास केडेनलाइव्ह किंवा शॉटकट वापरावे. सर्व टेक आवाजाच्या आधारे मूळ गाण्याशी जुळवून एकाखाली एक ठेवावेत, प्रत्येकाचा मूळ आवाज बंद करावा आणि मग कापाकापीला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका नेमका १५ फ्रेमचा होतो. प्रत्येक ठोक्यावर शॉट बदलला तर दहा सेकंदांत डोके उठते. कडव्यात एक शॉट आठ-आठ ठोके राहू द्यावा आणि ध्रुवपदात तो चार किंवा दोनवर आणावा. कट ठोक्याच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवला तर तो ठोक्यावर पडल्यासारखा वाटतो. रंगांवर प्रयोग करण्याआधी दोन्ही फोनचे चित्र एकमेकांसारखे करावे. बाकी रंगकाम गरजेपुरतेच.

अंतिम फाइल ४केमध्ये काढावी. यूट्यूबवर ४केमध्ये चढवलेला व्हिडिओ १०८० वर पाहिला तरी अधिक स्वच्छ दिसतो.

लोकांपर्यंत नेणे

प्रसाराची तयारी शूटिंगच्या दिवशीच सुरू झालेली असावी. चित्रीकरण करताना मुख्य व्यक्ती चौकटीच्या मध्यभागी ठेवली असेल, तर त्याच चित्रातून उभे तुकडे काढता येतात. गाण्यातल्या ज्या ओळी लोक गुणगुणतील अशा चार-पाच ओळी निवडून प्रत्येकीचा पंधरा ते तीस सेकंदांचा उभा तुकडा करावा आणि त्यावर देवनागरीत मोठ्या अक्षरात शब्द घालावेत. यूट्यूब शॉर्ट्समधून पूर्ण व्हिडिओची जोडणी देता येते, ती विसरू नये.

गाणे स्पॉटिफाय आणि इतर ठिकाणी वितरकामार्फत (अशा सेवांवर गाणी चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत) किमान तीन-चार आठवडे आधी पाठवावे. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनाच्या सात दिवस आधी तरी करावे लागते. वितरकाने तुमच्या गाण्यावर यूट्यूबचा कंटेंट आयडी (गाणे आपोआप ओळखून हक्क सांगणारी व्यवस्था) लावला, तर तुमच्याच व्हिडिओवर तुमच्याच गाण्याचा हक्कदावा येऊ शकतो. बँडचे चॅनेल वितरकाकडे आधीच सूट मिळालेल्या यादीत घालून घ्यावे.

व्हिडिओ आदल्या रात्री ‘अनलिस्टेड’ (जोडणी असलेल्यांनाच दिसेल असा) ठेवून चढवावा, म्हणजे ४के प्रक्रिया पूर्ण होते आणि कॉपीराइटची तपासणीही कळते. शीर्षकात गाण्याचे नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत असावे. मराठी गाणे शोधणारे पुष्कळ लोक रोमनमध्ये टंकतात. थंबनेल १२८० बाय ७२० चे आणि एक चेहरा स्पष्ट दिसणारे हवे. वर्णनात पूर्ण गीत आणि प्रत्येक सहभागी माणसाचे नाव द्यावे, गोधडी देणाऱ्या काकूंसह. मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकांच्या एसआरटी फाइल (ओळी आणि त्यांच्या वेळा असलेल्या साध्या मजकुराच्या फाइल) हाताने कराव्यात. आपोआप होणारी उपशीर्षके गीतातल्या शब्दांचे हाल करतात.

तारीख निवडताना गावाचे वेळापत्रक पाहावे. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत इतर कशाकडेच लक्ष जात नाही. दिवाळी पहाटेला मात्र राम मारुती रोड आणि तलावपाळीवर तरुणांची गर्दी असते; तिथे हातात मावेल एवढ्या कार्डावर क्यूआर कोड छापून वाटला, तर त्याचा उपयोग होतो. कॉलेजांचे महोत्सव बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतात, आणि त्यांच्या आयोजकांना व्हिडिओची जोडणी पाठवणे हा कार्यक्रम मिळवण्याचा सरळ मार्ग आहे. स्थानिक दैनिकांना आणि मोठ्या वृत्तपत्रांच्या ठाणे पुरवण्यांना दीडशे शब्दांची नेटकी माहिती आणि एक चांगले छायाचित्र पाठवावे. पैसे घेऊन व्ह्यूज वाढवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नये: असे आकडे यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहेत आणि ते काढूनही टाकले जातात. जाहिरातीसाठी पाचशे-हजार रुपये असलेच, तर ते ठाणे, कळवा, डोंबिवली एवढ्याच भागापुरत्या जाहिरातीवर लावावेत, कारण तिथला श्रोता पुढच्या कार्यक्रमाला प्रत्यक्ष येऊ शकतो.

उत्पन्नाची घाई करू नये. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज लागतात. त्याआधी उपयोगी पडतो तो प्रेक्षक टिकल्याचा आलेख. पहिल्या आठवड्यानंतर तो उघडून पाहावा. पहिल्या वीस सेकंदांत रेषा कोसळत असेल, तर सुरुवातीचे नावांचे फलक आणि सूर्योदयाचा लांबलचक शॉट तिथे नको होता. मधेच एका जागी रेषा उंचावत असेल, तर लोक तो भाग पुन्हा पाहत आहेत. पुढचा उभा तुकडा तिथूनच काढावा. त्यासाठी संकलनाचा प्रकल्प आणि मूळ चित्रित फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवाव्यात, आणि त्यातली एक ड्रमरच्या घरी नसावी.